परिचारिकेची वही कोण वाचणार?

रुग्णालयात आठ-दहा वर्षे काढलेल्या परिचारिकेने पुढे शिकावयाचे ठरविले, म्हणजे तिच्यापुढे दोन-तीन मळलेल्या वाटा असतात. एम.एस्सी. नर्सिंग करावे आणि एखाद्या नर्सिंग कॉलेजात अध्यापिका व्हावे. रुग्णालय-व्यवस्थापनाची पदवी घ्यावी आणि खाजगी हॉस्पिटलच्या वातानुकूलित कार्यालयात जाऊन बसावे. अथवा भाषेची परीक्षा द्यावी, एजंटाचे पैसे भरावेत आणि इंग्लंड-जर्मनी गाठावी. यांपैकी एकही वाट न धरता तिने सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.पी.एच., घ्यावयाचे मनात आणले, तर घरची माणसे, मेट्रन आणि डॉक्टर असे तिघेही तिला एकच प्रश्न विचारतात : 'याचा उपयोग काय?' प्रश्न रास्त आहे. फक्त तो चुकीच्या व्यक्तीला विचारला जातो. तो सरकारला विचारावयास हवा. परंतु खेदाची गोष्ट अशी की, समाजवादी चळवळीत उभी हयात घालविलेले कार्यकर्तेही तो तिलाच विचारतात आणि वर आणखी एक आरोप जोडतात. तो असा की, ही बाई रुग्णाची खाट सोडून पळते आहे. नाइट ड्यूटी चुकवून टेबलाखुर्चीवर बसावयास निघाली आहे. तिची सेवावृत्ती आटली आहे.

या आरोपामागील समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. परिचारिका म्हणजे सेवा आणि सेवा म्हणजे मूकपणा, अशी ती समजूत आहे. गिरणीकामगाराने फिटरचा कोर्स केला तर त्याचे अभिनंदन करावयाचे, प्राथमिक शिक्षकाने बाहेरून एम.ए. केले तर त्याला वेतनवाढ मागावयाची, आणि परिचारिकेने मात्र आयुष्यभर दुसऱ्याने लिहून दिलेली औषधे वाटावयाची, हा न्याय चळवळीने कोठून आणला? तो चळवळीचा नव्हे; तो घरातल्या पुरुषाचा न्याय आहे, आणि तो समतेच्या झेंड्याखाली बिनदिक्कत वावरतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे उदाहरण या मंडळींना फार प्रिय. हातात दिवा घेऊन रात्री सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी ती मूर्ती नर्सिंग कॉलेजांच्या भिंतींवर टांगलेली असते. पण त्या बाईंनी क्रिमियन युद्धातून परतल्यावर काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांनी मृत्यूंचा हिशेब मांडला. सैनिक शत्रूच्या गोळीने थोडे आणि घाणीतून उद्भवलेल्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी आकड्यांनी आणि आकृत्यांनी ब्रिटिश सरकारच्या गळी उतरविले. १८५८ साली त्या तेथील सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही, तरी येथील लष्करी छावण्यांची आणि खेड्यांची स्वच्छता, येथील दुष्काळ आणि पाटबंधारे यांवर त्या कित्येक वर्षे लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. म्हणजे आधुनिक परिचर्येचा उगम ज्या बाईंपासून मानला जातो, त्यांच्या एका हातात दिवा असेल, तर दुसऱ्या हातात वही होती. पुढच्या पिढ्यांनी दिवा परिचारिकेकडे ठेवला आणि वही डॉक्टर व प्रशासक यांच्याकडे सोपविली. ही वाटणी नैसर्गिक नव्हे.

या वाटणीची किंमत कोण मोजतो, हे बीड जिल्ह्यात दिसून आले. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे प्रकरण गाजले आणि २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची 'पिशवी' काढलेली आढळली. त्यांत ऐन तिशीतल्या आणि त्याहूनही कमी वयाच्या स्त्रिया होत्या. कारणे शोधावयास सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याचा हिशेब 'कोयत्या'वर होतो. एक दिवसाचा खाडा पडला की दंड बसतो. फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही. पाळीच्या दुखण्यासाठी वा अंगावर जाण्यासाठी रजा तर नाहीच नाही. अशा स्थितीत पोटदुखी घेऊन गेलेल्या बाईला खाजगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली, की ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुन्हा उचल घेते.

आता विचार असा करावयाचा की, यांतील प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीत एक परिचारिका उभी होती. शस्त्रक्रियागृहाच्या रजिस्टरात त्या बाईचे नाव, वय आणि गाव बहुधा तिच्याच हस्ताक्षरात लिहिले गेले. गावातल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेच्या वहीतही कुटुंबनियोजनाच्या रकान्यापुढे 'गर्भाशय काढले' अशी नोंद होत गेली असणार. मग ही हजारो अक्षरे एकत्र करून, 'हा रोग नव्हे, हा मजुरीच्या पद्धतीचा परिणाम आहे' असे वेळीच कोणी का म्हटले नाही? कारण जी लिहीत होती तिला बेरीज करण्याचा अधिकार नव्हता, बेरीज कशी करावयाची याचे शिक्षण नव्हते, आणि केली असती तरी ती बेरीज टेबलावर ठेवण्याइतके स्थान नव्हते. ज्यांना हे तिन्ही होते, त्यांनी त्या फडावर कधी पाय ठेवला नव्हता. शेवटी ओरड केली ती स्त्री-संघटनांनी आणि पत्रकारांनी. सार्वजनिक आरोग्याची पदवी म्हणजे काय, तर ही बेरीज करण्याची विद्या. साथ कशी पसरते, कोणता आजार कोणत्या वस्तीत, कोणत्या धंद्यात, कोणत्या जातीत अधिक आहे आणि का, पैसा कोठे जातो व कोठे जावयास हवा, हे त्यात शिकवितात. निदान शिकवावयास हवे. ही विद्या परिचारिकेच्या हाती आली तर ती खाट सोडून जात नाही. त्या खाटेवर माणूस कोणत्या रस्त्याने येऊन पडतो, तो रस्ताच ती शोधू लागते.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर या पदवीची अडचणही येथेच आहे. आजारी माणूस हा गिऱ्हाईक असतो. तो शेत विकून पैसे देतो, आणि म्हणून त्याच्याभोवती बाजार उभा राहतो : शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे, विमा. पण ज्या मुलाला अतिसार झालाच नाही, त्याचे बिल कोणाला पाठविणार? विहिरीत वेळेवर औषध टाकल्यामुळे जी कावीळ गावात आली नाही, तिची फी कोण भरणार? रोग टळणे ही अशी वस्तू आहे की तिचा लाभ सर्वांना होतो आणि गिऱ्हाईक कोणीच नसते. बाजार ती निर्माण करीत नाही, करणारही नाही. ती निर्माण करावयाची तर शासनाने, आणि त्यासाठी माणसे नेमावयाची तीही शासनानेच. त्यामुळे 'एम.पी.एच. झालेल्या परिचारिकेला बाजारात मागणी नाही' या वाक्यात त्या पदवीचा काडीमात्र दोष सिद्ध होत नाही. मागणी असावयाची तर ती सरकारी पदांच्या रूपाने असेल. ती पदे कोठे आहेत?

कागदावर ती फार वर्षांपासून आहेत. भोर समितीने १९४६ सालीच रोगप्रतिबंध हा आरोग्यसेवेचा पाया मानला होता. कर्तारसिंग समितीने १९७३ साली परिचारिका-प्रसाविकेला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करावयास सांगितले. उद्देश वाढले, माणूस एकच राहिला. १९७८ साली आल्मा-आटा येथे भारतासह जगातील सरकारांनी इ. स. २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याची शपथ घेतली, ती तारीख उलटूनही पाव शतक झाले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्रत्येक राज्याने सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र सेवासंवर्ग उभारावा असे म्हटले, आणि २०२५ सालापर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन दिले. सरकारच्याच आरोग्य-लेख्यांनुसार २०२१–२२ साली, म्हणजे महासाथीच्या वर्षात, हा खर्च १.८४ टक्के होता. आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक रक्कम लोक आपल्या खिशातून भरीत होते. संवर्गासंबंधी २०२२ साली केंद्राने मार्गदर्शिकाही काढली. आरोग्य हा राज्याचा विषय. तेव्हा मार्गदर्शिका मुंबईस पोचली आणि फायलीत विसावली.

महाराष्ट्रात परिचारिकेची शिडी आजही रुग्णालयाच्या भिंतीलाच टेकलेली आहे : अधिपरिचारिका, परिसेविका, मग अधिसेविका, आणि तेथे छत लागते. तालुका आरोग्य अधिकारी वा जिल्हा आरोग्य अधिकारी ही पदे डॉक्टरांची. तेथे बसलेला माणूस कालपर्यंत भूल देत असेल वा हाडे जुळवीत असेल. साथरोगशास्त्राचा त्याचा संबंध परीक्षेपुरता असेल. तरी त्या खुर्चीवर त्याचाच हक्क. आणि वीस वर्षे लसीकरण केलेली, वर रीतसर एम.पी.एच. झालेली परिचारिका त्याच्यापुढे अहवाल घेऊन उभी राहणार. वैद्यकी ही एक विद्या आहे आणि लोकांचे आरोग्य राखणे ही दुसरी, हे मान्य करावयास वैद्यकीय व्यवसायाचा एक मोठा वर्ग तयार नाही. २०१९ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातील ३२ व्या कलमाने मर्यादित अधिकाराचे समुदाय-आरोग्य कर्मचारी नेमण्याची मुभा देताच डॉक्टरांच्या संघटनेने देशभर निदर्शने केली. भोंदूगिरीला परवाना मिळेल, अशी हाकाटी होती. ज्या खेड्यात डॉक्टर जावयास तयार नाही, तेथे दुसऱ्या कोणी जाऊ नये, असा त्या विरोधाचा व्यावहारिक अर्थ निघतो.

याहून वेगळे करता येते, हे तमिळनाडूने दाखविले आहे. तेथे सार्वजनिक आरोग्याचे संचालनालय स्वतंत्र आहे, त्याला १९३९ सालच्या कायद्याचा आधार आहे, आणि ग्राम आरोग्य परिचारिकेला वर चढत जिल्हा पातळीवरील माता-बाल आरोग्य अधिकारीपदापर्यंत जाण्याची सोय आहे. त्या राज्याचे सारे काही आलबेल आहे असे नव्हे. पण शिडी भिंतीला न टेकविता गावाला टेकविता येते, एवढे त्यातून कळते. महाराष्ट्राने २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर आले तशा परिचारिकाही आल्या. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला, 'अधिकारी' ही पदवी दिली, आणि नेमणूक कंत्राटी ठेवली. ठरावीक मानधन वेगळे, कामगिरीवर मोजून मिळणारी रक्कम वेगळी. पाच हजार लोकसंख्येच्या आरोग्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर, तिला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही. खालच्या पायरीवरील आशाला तर सरकार कर्मचारी मानावयासही तयार नाही. २००५ पासून ती 'स्वयंसेविका'च आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला तेव्हा मंत्र्यांनी अभिनंदनाचे संदेश काढले. मानधनासाठी त्या संपावर बसल्या तेव्हा त्यांचा सूर निराळा होता.

सरकारने मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तेथे पदवीचा बाजार भरतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ साली एम.पी.एच. सुरू झाले तेव्हा ही पदवी देशात नवी होती. आता ती देणाऱ्या संस्था उदंड झाल्या आहेत. वैद्यकीय वा परिचर्या-पदवीप्रमाणे येथे नोंदणीची कडक अट नाही, प्रयोगशाळा लागत नाही, खाटांची संख्या दाखवावी लागत नाही. चार खोल्या, दोन संगणक आणि एक रंगीत पुस्तिका पुरते. नाइट ड्यूटी करून साठविलेले पैसे परिचारिका तेथे भरते आणि दोन वर्षांनी एखाद्या कंत्राटी प्रकल्पात दुसऱ्याने आखलेल्या तक्त्यात आकडे भरीत बसते. अशा संस्थांविरुद्ध बोलावयासच हवे. परंतु त्यांच्यावर आसूड ओढताना, शिकावयास गेलेल्या बाईलाच मूर्ख ठरविण्याचे कारण नाही. तिने निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात, एवढेच सांगता येईल : संस्थेला स्वतःचे क्षेत्र, म्हणजे गावे वा वस्त्या आहेत की नाहीत, शिकविणाऱ्यांत कधी काळी वर्षभर तरी खेड्यात काम केलेले कोणी आहे की नाही, आणि संख्याशास्त्र खरोखर शिकवितात की त्याची नुसती ओळख करून देतात. यात उत्तीर्ण होणाऱ्या सरकारी व विद्यापीठीय संस्था देशात आहेत, आणि त्यांची फी तुलनेने बेताची आहे.

चळवळीतील अभ्यासू मंडळींचा आक्षेप याहून वजनदार आहे आणि त्याचा विचार करावयास हवा. ते म्हणतात, हे शास्त्रच आता जागतिक बँकेच्या पंगतीला बसले आहे. १९९३ च्या बँकेच्या अहवालाने आरोग्य ही 'गुंतवणूक' ठरविली, माणसाच्या आयुष्याची वर्षे रोगांच्या हिशेबात मांडली, आणि गरिबांना मोजक्या सेवांचे एक गाठोडे देऊन बाकी बाजारावर सोपविण्याचा सल्ला दिला. तेच गणित एम.पी.एच.च्या वर्गात शिकवितात. मग ते परिचारिकेने का शिकावे? यातील निदान बरेचसे खरे आहे. निष्कर्ष उफराटा आहे. अंदाजपत्रक भांडवलदारांच्या बाजूने झुकते म्हणून अंदाजपत्रक वाचावयाचे नाही, असे चळवळीने कधी म्हटले नाही. उलट ते वाचावयास शिकूनच विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. आरोग्याचे गणित ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते कलते मांडले असेल, तर ज्या स्त्रीने मरणारे मूल मांडीवर घेतले आहे तिच्या हाती ते देणे, यापेक्षा चांगला उतारा कोणता?

आणि तो उतारा काल्पनिक नाही. जामखेडला १९७० साली काम सुरू करणारे मेबल आणि रजनीकांत आरोळे हे दाम्पत्य सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आले होते. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ साली तीच पदवी घेतली आणि मग गडचिरोली गाठली. जामखेडात निरक्षर, दलित स्त्रिया गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. गडचिरोलीच्या ३९ गावांत आधी अर्भकांच्या मृत्यूंची काटेकोर मोजणी झाली, नंतर खेड्यातल्या स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा केली, आणि त्याचा परिणाम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सरकारने ही पद्धत देशभर आशांकडे सोपविली. पदवीने त्यांना खेड्यापासून दूर नेले नाही. खेड्यात काय पाहावे हे शिकविले. मात्र या दोन्ही जोड्या डॉक्टरांच्या होत्या, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. डॉक्टराने ही पदवी घेऊन गाव गाठले की तो ध्येयवादी ठरतो. परिचारिकेने तीच घेतली की 'उपयोग काय?' तिच्या पाठीशी संस्था नाही, देणगीदार नाहीत. सरकारी नोकरी सोडली तर घर चालत नाही. तिला ध्येयवादाची परवानगी हवी असेल तर पदाच्या आणि पगाराच्या रूपानेच ती मिळू शकते.

येथे परिचारिकांच्या संघटनांनाही दोन शब्द ऐकवावे लागतील. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका खाजगी एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, ते सर्वस्वी योग्य होते. चळवळीने तेव्हा जेवढी साथ द्यावयास हवी होती तेवढी दिली नाही, हेही खरे. खाटा रिकाम्या पडतात त्या भरती रोखल्यामुळे आणि तरुण मुलींना अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर झुलवीत ठेवल्यामुळे. चार जणी एम.पी.एच.ला गेल्यामुळे नव्हे. परंतु मागण्यांची यादी वेतन, भत्ते, बदल्या आणि रिक्त पदे येथेच संपते. ज्या परिचारिकेला पुढे शिकावयाचे आहे तिला पूर्ण पगारी अभ्यासरजा मिळावी. त्या बदल्यात तिने ग्रामीण भागात ठरावीक वर्षे काम करण्याचा बाँड द्यावा. सार्वजनिक आरोग्याची पदवी आणि क्षेत्रातील अनुभव असलेल्या परिचारिकेला तालुका पातळीवरील आरोग्य-प्रशासनाची पदे खुली करावीत. या मागण्या कधी पुढे रेटल्या जात नाहीत. त्यांना तिजोरीतून फारसा पैसाही लागत नाही. सेवाप्रवेश नियमांतील काही ओळी बदलाव्या लागतात, आणि नेमक्या त्या ओळींवर डॉक्टरांच्या संघटनेची नजर असते.

जिल्हा परिषदांत ज्या कार्यकर्त्यांचा वावर आहे, त्यांना आरोग्य समितीच्या बैठकीत एक साधी माहिती मागता येईल : जिल्ह्यातील आरोग्यसेविका आणि परिचारिका यांपैकी किती जणींनी सार्वजनिक आरोग्याची पदविका वा पदवी घेतली आहे, आणि आज त्या कोणत्या टेबलावर वा कोणत्या वॉर्डात काम करीत आहेत. ही यादी मागितली की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, 'अशी नोंद ठेवली जात नाही.' ते उत्तर लेखी घ्यावे आणि सेवाप्रवेश नियमांत दुरुस्ती मागणाऱ्या निवेदनाला जोडावे.